साठ हजारची पुडी आणि न येणारी पाळी

मागच्या अंकात पीसीओडीबद्दल, म्हणजे बीज वेळेवर न सुटून पाळी लांबवणाऱ्या तक्रारीबद्दल (डॉक्टर हिलाच पीसीओएस म्हणतात), मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर आलेल्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा दिसलं : ‘व्हिटॅमिन डी भरून काढलं की पीसीओडी जातं, असं ऐकलंय.’ म्हणून यावेळचा सगळा स्तंभ याच विषयाला दिला आहे. पत्रं लांब होती, कामापुरतीच छापली आहेत. नावं अर्थातच गाळली आहेत.

‘वय २४, पुण्यात हिंजवडीला नोकरी. पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते, हनुवटीवर जाड केस येतात. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना गाठी दिसल्या. व्हिटॅमिन डी ९ आलं. आठवड्याला एक अशा डीच्या साठ हजार युनिटच्या आठ पुड्या दुधातून घेतल्या. आता डी ३४ आहे, पण शेवटची पाळी येऊन चार महिने होत आले. माझ्या मैत्रिणीची पाळी मात्र याच पुड्यांनी सुरू झाली. माझं काय चुकलं?’

तुझ्या वयाची माझी भाची आहे, म्हणून तुला ‘तू’ म्हणते.

आधी त्या चार महिन्यांचं बोलू. डीचा आकडा थोडा वेळ बाजूला राहू दे. लग्न झालेलं असो वा नसो, शक्यता असेल तर आधी गरोदरपणाची चाचणी करून घे. गरोदर नसशील, तर या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. बीज सुटत नाही तेव्हा गर्भाशयाच्या आतलं अस्तर नुसतं वाढत राहतं, बाहेर पडत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की त्या अस्तरात पुढे नको ते बदल होऊ शकतात, कॅन्सरपर्यंत. म्हणून आम्ही डॉक्टर नव्वद दिवसांची रेघ ओढतो. त्यापलीकडे पाळी गेली तर गोळ्या देऊन ती आणावी लागते. ‘हार्मोनच्या गोळ्या नकोत, डी भरलं की आपोआप येईल’ या भरवशावर बसलेल्या मुली मला दर महिन्याला भेटतात, आणि मला त्यांची काळजी वाटते.

आता पुड्यांचं. तुझ्या पुड्यांनी त्यांचं काम चोख केलं आहे. ९ म्हणजे चांगलीच कमतरता होती, ती भरून निघाली. आठवून बघ, जिना चढताना मांड्या भरून येणं, कंबर दुखणं, सकाळी उठल्यावर अंग ठणकणं यात फरक पडलाय का? बऱ्याच जणींना पडतो, कारण हाडं आणि स्नायू हे डीचं खरं कार्यक्षेत्र. पाळीचं काम मात्र त्या पुडीकडे कुणीतरी परस्पर सोपवलं.

ते सोपवलं का गेलं, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. डी नावाला व्हिटॅमिन असलं तरी शरीरात ते हार्मोनसारखं वागतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते कातडीत तयार होतं, यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्यावर एकेक प्रक्रिया होते आणि तेव्हा ते कामाला लागतं. त्याला ओळखणारे ग्राही हाडांत आहेत तसे स्वादुपिंडात, स्नायूंत, चरबीत आणि बीजांडकोशातही आहेत. शिवाय पीसीओएस असलेल्या पुष्कळ बायकांचं डी कमी निघतं, आणि ज्यांचं कमी त्यांच्यात इन्सुलिनला शरीर दाद देत नाही असंही दिसतं. एवढं कळल्यावर कुणालाही वाटेल की डी दिलं की गाडी रुळावर येईल. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी तेरा जणींना डी आणि कॅल्शियम दिलं. त्यातल्या सात जणींची पाळी दोन महिन्यांत नियमित झाली. ही बातमी तेव्हा आम्हा सगळ्यांना फार आशादायक वाटली होती. मीही तेव्हा नवी होते आणि येणाऱ्या प्रत्येकीला डी लिहून द्यायला लागले होते. पण बाया तेराच होत्या, आणि औषध न देता तुलनेसाठी ठेवलेला दुसरा गटच नव्हता. पीसीओएसमध्ये पाळी अधूनमधून आपली आपणही येते. तुझ्या मैत्रिणीची पुडीमुळे आली की यायचीच होती म्हणून आली, हे तिला सांगता येणार नाही आणि मलाही नाही.

त्यानंतर बरेच छोटे छोटे प्रयोग झाले. काहींत रोज थोडं थोडं डी दिल्यावर इन्सुलिनच्या आकड्यांत किंचित सुधारणा दिसली, काहींत काहीच दिसली नाही. आणि इथे एक मोठी मेख आहे. डी चरबीत विरघळतं आणि चरबीतच साठून बसतं. अंगावर चरबी जास्त असेल तर रक्तात डी कमी दिसतं. चरबी जास्त असली की इन्सुलिनही नीट काम करत नाही. म्हणजे दोघांचं मूळ एकच असू शकतं, आणि आपण एकाला दुसऱ्याचं कारण समजून बसतो.

मोठा प्रयोग हवा असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेला आहे. अमेरिकेत २,४२३ जणांना रोज ४,००० युनिट डी किंवा नुसतीच दिखाऊ गोळी देऊन सुमारे अडीच वर्षं पाहिलं, निकाल २०१९ मध्ये आला. डी घेणाऱ्यांत मधुमेह १२ टक्के कमी झाला, पण हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतकाच होता. पुढे अशा तीन प्रयोगांचे आकडे एकत्र केले तेव्हा फायदा १५ टक्क्यांच्या आसपास निघाला. अगदीच शून्य नाही. मात्र त्याच अमेरिकेत २००२ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या प्रयोगात आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि वजन ७ टक्के उतरवण्याचं लक्ष्य एवढ्यावर मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला होता. १५ आणि ५८ हे दोन आकडे मी ओपीडीत पाटीवर लिहून ठेवले आहेत.

आता ‘गाठी’. या शब्दाने किती मुलींची झोप उडवली आहे! सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नसतात. त्या अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या इवल्याशा पिशव्या असतात. दर महिन्याला एखादी पिशवी पुढे जाऊन फुटायला हवी, ती फुटत नाही आणि सगळ्या कडेला माळेसारख्या बसून राहतात. त्या का थांबतात? बहुतेकींत मोठा हात इन्सुलिनचा असतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते आणखी ओतत राहतं. ते जादा इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं, आणि ते हार्मोन बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी बनतं. मग हनुवटीवर केस, डोक्यावर विरळपणा, मुरुम आणि लांबलेली पाळी. तू लिहिलेली सगळी लक्षणं या एका दोरीत ओवलेली आहेत.

म्हणून तुझ्याकडून मला हवे आहेत ते आकडे वेगळेच आहेत. उपाशीपोटी शुगर, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर. दोन तासांची १४० च्या आत हवी. १४० ते १९९ असेल तर उंबरठा आहे, २०० च्या पुढे मधुमेह. नुसत्या उपाशीपोटीच्या शुगरवर समाधान मानू नकोस, तरुण मुलींत ती बऱ्याचदा अगदी छान असते आणि दोन तासांची बिघडलेली असते. तीन महिन्यांची सरासरी शुगरही एकटी पुरत नाही. अंगात लोह कमी असेल तर ती उगाच वर दिसू शकते, आणि आपल्याकडे लोह कमी नसलेली मुलगी शोधावी लागते. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत आणि चांगलं कोलेस्टेरॉल ५० च्या वर हवं. रक्तदाब बघ. आणि टेलरची टेप घेऊन कंबर मोज, ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली आहे का ते बघ. याला पैसेही लागत नाहीत. ‘इन्सुलिन लेव्हल’ची महागडी चाचणी पॅकेजमध्ये घालून देतात, ती तुला नको. तिचा आकडा दर लॅबला बदलतो आणि त्यावरून उपचार ठरत नाहीत. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोन मात्र एकदा तपासलेले असावेत. पीसीओएसचा शिक्का त्यानंतरच मारायचा असतो.

एक गोष्ट लिहू की नको असं होत होतं, पण लिहिते. माझी धाकटी बहीण कराडला आईकडे असताना तिची पाळी सहा-सहा महिने यायची नाही. ‘लग्न झालं की येईल’ असं घरातले म्हणायचे. मी तेव्हा एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि मीही तेच म्हणाले. तिची शुगर बघायचं माझ्या मनातही आलं नाही. दुसऱ्या बाळंतपणात तिला शुगर निघाली ती पुन्हा गेलीच नाही. ती तेव्हा तेहतीस वर्षांची होती. म्हणून मी प्रत्येकीच्या मागे त्या दोन तासांच्या शुगरसाठी लागते.

डीचं पुढे काय? आता आठवड्याची पुडी बंद. डॉक्टरांच्या सल्ल्याने महिन्याला एक, किंवा रोजची लहान गोळी. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी रोजची ६०० युनिट धरली आहेत. तुझं डी परत खाली जाणार हे मला माहीत आहे, कारण हिंजवडीच्या मुली मी रोज पाहते. सकाळी स्कूटीवर स्कार्फ, गॉगल, पूर्ण बाह्यांचा सनकोट, हातमोजे, मग काचेच्या इमारतीत दहा तास. काचेतून ऊन येतं, डी बनवणारे किरण येत नाहीत. धूळ आणि टॅनिंग चुकवायला स्कार्फ बांधता हे मला समजतं, तो सोड असं मी म्हणणार नाही. गोळी घे. आणि जेवणानंतर चालायला मात्र खाली उतर.

‘मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. पीसीओएस आहे, पण मी बारीक आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २१. इथल्या डॉक्टरांनी डी २८ आहे, कमी आहे असं सांगितलं. नाशिकला आई म्हणते २८ म्हणजे बरंच बरं आहे, तिच्या मैत्रिणीचं ११ होतं. आणि बारीक असून मला इन्सुलिनचा त्रास कसा?’

तुमच्या आईच्या मैत्रिणीचं आणि तुमचं डी जवळजवळ सारखंच आहे! आपल्याकडच्या लॅब नॅनोग्रॅममध्ये आकडा देतात, इंग्लंडमध्ये नॅनोमोलमध्ये. तिकडचा आकडा अडीचने भागा. २८ चे झाले ११.२. म्हणजे डॉक्टर बरोबर आहेत. आईला हे समजावून सांगा, नाहीतर फोनवर रोज वाद होईल.

लेस्टरला ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका तिरपा असतो की अंगावर ऊन घेतलं तरी डी बनत नाही. म्हणून तिथलं सरकार सगळ्यांनाच हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट घ्यायला सांगतं, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी वर्षभर घ्यायचा विचार करावा असंही सांगतं. तुमची कमतरता आधी भरून काढावी लागेल, त्याचा डोस तिथले डॉक्टर देतील. तो संपला की ही रोजची गोळी विसरू नका.

बारीकपणाचं उत्तर मात्र मला पुण्यातूनच द्यावं लागेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच सांगत होता. आपण भारतीय हातापायांनी काटकुळे आणि पोटात चरबी बाळगणारे असतो. स्नायू कमी असतात, आणि जेवणानंतरची साखर उचलायचं बरंचसं काम स्नायूंचं असतं. त्यामुळे बीएमआय २१ वर निर्धास्त राहू नका. कंबर मोजा, दोन तासांची शुगर करून घ्या, आणि वजन कमी करण्याच्या नादी लागू नका. तुम्हाला वजन उतरवायचं नाही, स्नायू वाढवायचे आहेत. आठवड्यातून दोनदा तरी वजनं उचलण्याचा व्यायाम करा. डाळ, दही, अंडी, पनीर यांचा वाटा वाढवा. बारीक मुलींना डॉक्टरही पुष्कळदा ‘तुला काय धाड भरलीय’ म्हणून परत पाठवतात, तसं कुणी केलं तर ऐकून घेऊ नका.

‘रत्नागिरीजवळ राहतो. घरचा मासळीचा धंदा. रोज बांगडा, तारली खाते, सुकं वाळत घालायला तासन्‌तास उन्हात असते. तरी डी १४! वय ३१, वजन ९२. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. डी वाढलं की दिवस राहतील का? केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्याही चालू आहेत.’

तुमच्या पत्रातलं आश्चर्य मला अगदी समजतं. व्हिटॅमिन डी मिळावं म्हणून मी शहरातल्या बायकांना जे खायला सांगते ते तुम्ही रोज खाता. तेलकट मासे हा अन्नातला डीचा खरा साठा. शाकाहारी घरात तो जवळजवळ नसतोच. दूध घेतलं तरी पिशवीवर अधिकचं चिन्ह आणि एफ हे अक्षर असलेलं, म्हणजे डी मिसळलेलं दूध बघून घ्यावं लागतं.

मग १४ का? एक, उन्हात असता पण डोक्यावरून पदर, अंगभर लुगडं किंवा गाऊन, वर जुना शर्ट. उघडं काय, तर चेहरा आणि मनगटं. दोन, सावळ्या कातडीला तेवढंच डी बनवायला गोऱ्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. तीन, तुम्ही मिळवता त्यातलं बरंचसं चरबी उचलून ठेवते. म्हणूनच वजन जास्त असलेल्यांना कमतरता भरून काढायला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट डोस लागू शकतो. आठ पुड्या घेऊन आकडा हलला नाही तर ‘औषध बोगस’ म्हणू नका, डॉक्टरांना वजन सांगून डोस ठरवून घ्या.

बायोटिन मात्र लगेच थांबवा, निदान रक्त देण्याआधी तीन दिवस तरी. बऱ्याच लॅबच्या यंत्रांना ते चकवतं. डी खरं आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं आणि थायरॉईडचे आकडेही उलटेसुलटे येऊ शकतात. केस गळणाऱ्या जवळपास प्रत्येकीकडे ही गोळी असते आणि रक्त घेणारा कुणी विचारत नाही. तुमचं १४ कदाचित याहून कमी असेल.

आता दिवस राहण्याचं. वंध्यत्वाच्या उपचारात ज्यांचं डी कमी होतं त्यांच्यात बीज सुटण्याचं प्रमाण कमी दिसलं आहे. पण डी दिलं म्हणून मूल झालं, असं कुणी पक्कं दाखवलेलं नाही. बीज सुटण्यासाठी चांगलं औषध आपल्याकडे आहे, लेट्रोझोल. पीसीओएस असलेल्या ७५० बायकांवरच्या अमेरिकन अभ्यासात, २०१४ साली, लेट्रोझोल घेणाऱ्यांत २७.५ टक्क्यांना बाळ झालं, जुन्या क्लोमिफेनने १९.१ टक्क्यांना. हे औषध सोनोग्राफीच्या नजरेखाली घ्यायचं असतं, आपल्या मनाने नाही. सहा वर्षं डीवर आणि नवसांवर घालवली असतील तर आता आणखी एक वर्षही घालवू नका.

आणि ताई, पत्रात तुम्ही सगळं स्वतःबद्दल लिहिलंत. तुमच्या यजमानांची वीर्यतपासणी झाली का? ती सगळ्यात स्वस्त आणि सोपी तपासणी आहे आणि आपल्याकडे सगळ्यात शेवटी होते. बायको सहा वर्षं सुया टोचून घेते, नवऱ्याला एक बाटली द्यायला लाज वाटते. हे मला अजूनही सहन होत नाही. पहिल्या महिन्यात दोघांनी मिळून जा.

वजनाचा डोंगर बघून घाबरू नका. ९२ चे ६० करायचे नाहीत. पाच टक्के, म्हणजे साडेचार-पावणेपाच किलो उतरले तरी कित्येकींची पाळी हलते. मासे तसेच ठेवा, तळण्याऐवजी तिखलं करा. भात मात्र निम्मा करा आणि एका वेळी नाचणीची भाकरी. फोलिक ॲसिडची गोळी आजपासून सुरू करायला हरकत नाही. मेटफॉर्मिन हे शुगरचं औषध चालू असेल तर वर्षातून एकदा बी-१२ तपासा, ते औषध हळूहळू बी-१२ कमी करतं. त्याने मुंग्या आल्या की लोक ‘डी कमी झालं’ म्हणून आणखी एक पुडी घेतात.

‘लातूर. पीसीओडीसाठी दोन वर्षांपासून दर रविवारी एक पुडी घेते. चिठ्ठी नाही, मेडिकलवाले ओळखीचे आहेत. हल्ली फार तहान लागते, मळमळतं, पोट साफ होत नाही.’

आजपासून पुडी बंद. कॅल्शियमची गोळी घेत असाल तर तीही बंद. उद्या सकाळी रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि डी तपासा आणि रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे जा. उलट्या वाढल्या, गुंगी आली किंवा पाठीत कळ आली तर उद्याची वाट पाहू नका. शुगर वाढूनही अशीच तहान लागते, म्हणून तीही बघा.

हिशेब करून पाहिला : दोन वर्षांत १०४ पुड्या, म्हणजे ६२ लाख ४० हजार युनिट. रोजचे साडेआठ हजार पडले, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४,००० च्या वर जाऊ नये असं मानतात. पाण्यात विरघळणारी व्हिटॅमिन लघवीवाटे निघून जातात, डी साठत राहतं. ते फार झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंड त्रासतं. माझ्याकडे एक वसतिगृहातली मुलगी आली होती, आठवड्याची पुडी तिने रोज घेतली होती, कारण चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नव्हतं. तिला सलाइन लावून आठ दिवस ठेवावं लागलं. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २,२५६ बायकांवरच्या अभ्यासात निम्म्या जणींना वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस दिला होता. हाडं घट्ट व्हावीत म्हणून. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा उलट त्याच जास्त पडल्या आणि त्यांचीच हाडं जास्त मोडली. रिपोर्ट आले की मला कळवा, मी वाट पाहते.

‘इस्लामपूर. मुलगी १५ वर्षांची, पाळी येऊन तीन वर्षं झाली, दोन-तीन महिन्यांनी येते. वजन वाढलंय. मान काळी पडलीय, काथ्याने घासली तरी जात नाही, आता चट्टे उठलेत. सोनोग्राफीत पीसीओडी सांगितलंय. डीसाठी रोज सकाळी साडेसहाला गच्चीवर कोवळ्या उन्हात बसवते. पुरेसं आहे ना?’

कोवळं ऊन अंगाला सुखावतं, पण डीसाठी ते उपयोगाचं नाही. त्या वेळी सूर्य तिरपा असतो आणि लागणारे किरण हवेतच अडतात. खूण सोपी आहे : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली की डी बनतं. साधारण अकरा ते तीन. शाळेच्या मधल्या सुट्टीत मैदानावर खेळली तर तेच खरं ऊन आणि तोच व्यायाम. चैत्र-वैशाखात जपून, आणि मुरुमांसाठी डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारून, काही औषधांनी कातडी उन्हात भाजते. सकाळी साडेसहाला तिला झोपू द्या. तिच्या वयाला झोप लागते.

सोनोग्राफीचा रिपोर्टही बाजूला ठेवा. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत मुलींच्या बीजांडकोशात अशा पिशव्या सहज दिसतात. म्हणून २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी या वयात सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. अनियमित पाळी आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण, दोन्ही लागतात. तिला आत्ताच ‘तुला पीसीओडी आहे, तुझं लग्न कसं होणार’ असं कुणी म्हणत असेल तर त्या माणसाला घराबाहेरच थोपवा.

मानेचं मात्र खरं आहे, आणि मला सगळ्यात जास्त तीच गोष्ट खुपते. तो मळ नाही. रक्तात इन्सुलिन वाढलेलं असलं की मान, काख, जांघ इथली कातडी जाड आणि काळी होते. ती आतून येते. काथ्याने, लिंबाने, बेसनाने जाणार नाही. घासून कातडी आणखी काळी होते, आणि मुलीला वाटतं आपण घाणेरड्या आहोत. माझ्यासमोर बसून मान खाली घालून ओढणी घट्ट आवळणाऱ्या अशा कितीतरी मुली मला आठवतात.

तिला उपाशीपोटी आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी अशी शुगर करायला घेऊन जा. डी तपासायचं असेल तर त्याच सुईत होईल, कमी आलं तर तिच्या वजनाला साजेसा डोस डॉक्टर देतील. शाळेत डब्यासोबत मिळणारी थंड पेयं आणि क्लासवरून येतानाचं वडापाव-बिस्किट कमी करा, घरातल्या सगळ्यांचं, एकटीचं नव्हे. संध्याकाळी तुम्ही दोघी मिळून चाला. इन्सुलिन उतरलं की मान हळूहळू उजळते, त्याला सहा महिने-वर्ष लागतं.

तो काथ्या आज टाकून द्या. आणि तो का टाकला, हे तिला जवळ बसवून सांगा.